पाचवं बोट

दारू. चिंधी. गोळी. गज. टोपी.

गाडीतून उतरल्यापासून ठकी हेच पुटपुटत होती. मुरबाडच्या रस्त्याला जुन्या बंदुकांचं नवं संग्रहालय उघडलं होतं. भाचा शेखर तिला आणि त्याच्या बापाला, बारकूला, डोळखांबच्या पाड्यावरून मुद्दाम घेऊन आला होता. दारातून आत गेली मात्र, चौसष्ट वर्षांच्या ठकीच्या पायांना दहाव्या वर्षाची घाई सुटली.

भिंतभर बंदुका. माणसापेक्षा उंच. पितळी फुलांच्या. एक तर नुसती वीतभर.

"दादा, ही बघ. बापाची अशीच होती."

"बापाची लांब होती," बारकू म्हणाला.

"तू लांब उभा राहायचास, म्हणून."

पाड्यावर ती शिकार अजून सांगतात. नाचणी उकरणारं डुक्कर, बापाचा एकच बार, आणि बंदूक भरून देणारा बारकू. डुकराचं काळीज बंदूक भरणाऱ्याचं, असा रिवाज. ते बारकूनं खाल्लं. बाईचा हात लागला तर बंदूक हुकते म्हणायचे, म्हणून बापानं खरं सांगितलं नाही. बारकूनंही नाही. ठकीनं एकदोनदा सांगून पाहिलं. लोक हसले.

चोपन्न वर्षं.

संग्रहालयातली पूजा, शहापूरची पोर, एक बंदूक घेऊन पुढं आली. "हिला हात लावला तरी चालतो. दारू म्हणून भुसा आहे, बाकी सगळं खरं. कुणाला भरता येते?"

ठकीचा हात वर जायच्या आत बारकू पुढं झाला होता. "बापाची मीच भरायचो."

दारू. चिंधी. गोळी. गज. टोपी. लगेच खांद्याला.

"आजोबा, गज नळीतच राहिला," पूजा म्हणाली.

"त्या दिवशी डुकराला गजच मारलास काय रे?" ठकी म्हणाली. शेखरनं हसू दाबलं.

"इतक्या वर्सांनी हुकतं माणसाचं. तू भर, मग बघू," बारकू म्हणाला.

ठकीनं पदर खोचला. बंदूक उभी धरली.

दारू. दस्ता जमिनीवर दोनदा हलकेच आपटला.

चिंधी.

गोळी. वर आणखी चिंधी.

गज. ठक. ठक. ठक.

आणि ती थांबली. नळीच्या तोंडातून वर आलेल्या गजाला तिनं चार बोटं आडवी लावली. वर दुसऱ्या हाताचं एक.

"हे काय, आजी?"

"माप. डुकराला चार बोटं गज वर राहिला पायजे. सशाला दोन. कमी भरलं तर डुक्कर अंगावर येतं, जास्ती भरलं तर नळी फाटते." बोलता बोलता तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. हसली. पाचवं बोट काढून घेतलं. "आता चारच पुरं. तवा बाप म्हणायचा, ठके, तुझी बोटं बारीक, तू पाच धर."

शेखर बापाकडं बघायला लागला. बारकू बंदुकीकडं बघत राहिला.

गज काढला. घोड्याखाली टोपी.

"लाव आता खांद्याला," ठकी म्हणाली आणि बंदूक पूजाच्या हातात दिली.

दुपारी बाहेर आंब्याखाली डबे सोडले. गावठी कोंबडीचा रस्सा, भाकरी. ठकी अजून बंदुकांतच होती. वीतभर बंदुकीनं मारत काय असतील, उंदीर? शेखर म्हणाला, आते, जेव आधी.

बारकूनं रश्श्यात बोटं घालून काळीज शोधलं. कोंबडीत एकच असतं, आणि घरात ते त्याचंच. त्यानं ते ठकीच्या भाकरीवर ठेवलं.

"बाबा, तुमी तर कुणाला देत नाय कधी," शेखर म्हणाला.

"भरणारीचं हाय."

बारकूनं मान वर केली नाही. ठकीनं काळजाकडं बघितलं, भावाकडं बघितलं.

"चोपन्न वर्सं ठेवलंस, दादा. थंड झालं की."

आणि त्यातलं कुणाला एवढंसंही न देता अख्खं तोंडात टाकलं.