ताईची शिफारस

कामात लक्ष टिकत नाही म्हणून माझी आणखी एक नोकरी सुटायच्या बेतात होती. हा खरंच आजार आहे की नुसता वेंधळेपणा, हे ठरवायला डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी घेऊन या." मी ताईला नेलं. ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि माझी शिफारस करायला आल्यासारखी सुरूच झाली. "आमच्या हिला काही झालेलं नाही हो! शाळेत एकदम टापटीप. कधी वही विसरली नाही, कधी उशिरा गेली नाही."

झालं! माझ्या दुखण्याचा निकाल ताईनंच लावून टाकला.

"दप्तर कोण भरायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"सकाळी उठवायचं कोण?"

"मीच. अभ्यासालाही शेजारी बसायचे, नाहीतर ही तासन्‌तास भिंतीकडे बघत राहायची."

"तुमचं लग्न कधी झालं?"

"ही बारावीत असताना."

"मग त्यानंतर हिचं कसं चाललं?"

ताईचा आवाज खाली गेला. "त्याच वर्षी नापास झाली."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "लहानपणापासूनच आहे हे. बाकीच्या तपासण्याही तेच सांगतायत. ताई होत्या म्हणून दिसलं नाही, इतकंच. यावर उपचार आहेत."

बाहेर आल्यावर ताईनं माझा हात घट्ट धरला. "मी तुला टाकून सासरी गेले, म्हणून तू रुसून पेपर कोरा दिलास, असंच वाटायचं गं मला इतकी वर्षं."

"अगं ताई, रुसले असते तरी पेपर येईपर्यंत ते माझ्या लक्षात राहिलं असतं का?"