तपकिरी पेन्सिल

त्रिवेणीबाई विसाव्या वर्षी पहिल्यांदा म्हाताऱ्या झाल्या. तेव्हापासून पन्नास वर्षं हैदराबादच्या मराठी नाटकांतली प्रत्येक सासू, आत्या, आजी त्यांचीच. आणि प्रत्येकीच्या सुरकुत्या मेकअपवाल्या युसूफभाईंच्या तपकिरी पेन्सिलीच्या. काल चिक्कडपल्लीत प्रयोगाआधी मी, नाटकातली त्यांची सून, शेजारच्या आरशापुढे बसले होते. युसूफभाईंनी पेन्सिल उचलली, सत्तरीच्या बाईंकडे पाहिलं आणि परत ठेवली. “अब नक्को बाई, ऊपरवालाच खींच दिया!” मी खुदकन हसले. बाई नाही हसल्या. “ह्या माझ्या,” त्यांनी डोळ्यांच्या कडांवर बोट ठेवलं, “हसून हसून पडलेल्या. आजच्या म्हातारीचा लेक गेलाय, युसूफभाई. ती कुठून हसणार? आधी माझ्या बुजवा, मग तिच्या काढा.” युसूफभाईंनी बाईंच्या सुरकुत्या बुजवल्या आणि ओठांपासून हनुवटीकडे दोन रेघा ओढल्या. बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नकळत डोक्यावर पदर घेतला.