रिकामी टाकी

गोविंदरावांनी समा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये माशांची काचेची टाकी मांडली, वाळूत हिरवी रोपं लावली. मांडवी बाजारातला दुकानदार म्हणाला होता, "काका, उतावळ नका करू. महिनाभर पाणी मुरू द्या, मग मासे." रोज संध्याकाळी ते त्या रिकाम्या पाण्यासमोर बसत. महिना भरायच्या आतच ते गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलगा वरद हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन. तिला काही कमी पडू देणार नाही." कावळा फांदीवरून हलला नाही.

बऱ्याच वेळाने गोविंदरावांची बायको निरुपमा म्हणाली, "आज टाकीत मासे सोडते."

कावळा लगेच उतरला.



त्यांचा जीव टाकीत अडकलाय, हे तिला आधीच ठाऊक होतं. वरदच्या शब्दावर, आपल्यासाठी येतो का, तेवढंच बघायचं होतं.