पक्का डाग

तांब्यावर कथिलाचा जोड देण्याला कारखान्यात सगळे ‘डाग देणं’ म्हणत. मावशी बावीस वर्षं डाग देत होत्या, प्रत्येक डाग तीन सेकंद, ना कमी ना जास्त. नव्या मॅनेजरसाहेबांनी आल्या आल्या सहीची चिठ्ठी काढली: यापुढे डाग आठ सेकंद धरायचा, म्हणजे पक्का बसेल.

“साहेब, जास्त तापवलं की तांबं कथिलात उतरतं,” मावशी म्हणाल्या. “दोन्हींच्या मधला थर पातळ असेल तरच जोड टिकतो. जाड झाला की काचेसारखा तडकतो.”

“मावशी, तोंड कमी, हात जास्त चालवा.”

चार महिन्यांत मालाची खोकी परत आली. डागाडागाला तडा. साहेबांनी चौकशी समिती नेमली, अध्यक्षही स्वतःच झाले, आणि मावशींना एक अक्षर न विचारता निष्कर्ष काढला: कारागिराचा निष्काळजीपणा. मालकांच्या केबिनमध्ये बोलावून कामावरून काढल्याचं पत्र हातात ठेवलं आणि वर हळहळलेही.

“बावीस वर्षांत तुमच्या नावावर एक डाग नव्हता हो, मावशी.”

मावशींची कानशिलं तापली होती. हात मात्र सवयीने स्थिर होता. त्यांनी खिशातली आठ सेकंदांची ती चिठ्ठी काढली आणि सही वर येईल अशी मालकांपुढे सरकवली.



“मालक, हाही डाग साहेबांनी जरा जास्तच तापवलाय. तडकणार.”