सतराव्या खुर्चीतले वजन

सतराव्या खुर्चीचा आलेख पुन्हा वाकडा आला.

स्वरूपाने तो आधीच्या अकरा आलेखांशी ताडून पाहिला. अंथुर्ण्याच्या माळावरचा हा रोलर कोस्टर देशात सर्वांत उंच होता आणि त्याच्या बत्तीसही खुर्च्या धावताना स्वतःभोवती फिरत. चाचणीसाठी प्रत्येक खुर्चीत साठ किलो वाळूचे पोते बांधायचे होते. एकतीस ठिकाणी वजन नियमाने वागत होते. सतराव्या खुर्चीतले मात्र शिखरावर गाडी दोन सेकंद स्थिरावली की दर वेळी दक्षिणेकडे कलत होते.

बेअरिंग बदलून झाले होते. आता कारण सापडल्याशिवाय सुरक्षा प्रमाणपत्रावर तिची सही नव्हती, आणि सहीशिवाय रविवारचे उद्घाटन नव्हते.

तिने फलाटावर फोन लावला. पोती बांधणारे हिंदुराव फेरी सुरू झाली की फोन उचलत नसत. शेवटी ती स्वतःच खाली गेली. हिंदुराव कडेच्या एका फाटक्या पोत्यावर बसून चहा पीत होते.

“तात्या, फोन का उचलत नाही?”

“हात मोकळं नसत्यात, ताईसाहेब. काय झालं?”

“सतरा नंबर. पुन्हा तेच.”

“लोकं म्हणत्यात, माळावरचा म्हसोबा बसतोय तितं.”

“म्हसोबाचं वजन किती?”

“आसंल की साठ किलो,” हिंदुराव हसले. “पर पोत्यांचं येवढं कवतिक कशापायी? रानात ढेकळं फोडाया फळी मारताना वर ठिवाया दगड न्हाय गावला, तर आमी सवता बसायचो फळीवर. वजन म्हंजी वजन.”

स्वरूपाने वर पाहिले. सत्तर मीटरवरचा रूळ मावळतीच्या उन्हात तारेसारखा लखलखत होता. वाळूला दिशा कळत नाही, हे तिला ठाऊक होते. तरी बारा फेऱ्यांत बारा वेळा ती एकाच दिशेला झुकली होती. “आयुष्यात प्रथमच अहवालात ‘कारण अज्ञात’ लिहावं लागणार,” ती म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

“तसं लिवलं तर ह्यो बंद?” हिंदुरावांनी विचारले.

“बंद.”

त्यांनी कप खाली ठेवला, टोपी काढून हातात घेतली आणि शिखराकडे पाहिले.

“वरनं दक्षिणेला आमचं गाव दिसतं, निरवांगी, ताईसाहेब. उद्यापासनं न्हाय वाकनार.”