वाक्यात उपयोग

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलं. पण माझा मित्र अभयच म्हणाला, लिही, आणि नाव बदलू नकोस.

"अभ्या, रिडंडंट म्हंजी काय रं?"

भैरूनं विचारलं तेव्हा अभयच्या तोंडात वडापाव होता. हिंजवडीत, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर. भैरू कंपनीची गाडी चालवतो, मोठ्या साहेबांना आणतो-नेतो. अभय वर कम्प्युटरसमोर बसतो. कंपनी उभी आहे ती जमीन एके काळी भैरूच्या घरची. अभय कात्रजचा, मराठी शाळेतला. इंग्रजी त्यानं मोबाइलवर बघून बघून स्वतःच कमावलेलं. त्यामुळे कुणी शब्द विचारला की गडी फुलायचा.

"कुठं ऐकलास?"

"गाडीत. साहेब मागं फोनवर बोलत हुता. त्यास्नी वाटतं, इंग्रजीत बोललं की डायवर बहिरा." भैरू हसला. आज स्वारी फारच खुशीत होती. चहा तुझ्याकडं, असं बजावून झालं होतं. काखेत पेढ्यांचा पुडा होता.

"पेढे कशाचे?"

"आधी अर्थ सांग."

अभयनं घास गिळला. "रिडंडंट म्हणजे ज्याची आता गरज उरली नाही असा. वाईट नसतो रे तो. कामचुकारही नसतो. फक्त नको असतो."

भैरूचं हसू जरा हललं. "म्हंजी बढती न्हाई?"

"बढती? अरे येड्या, उलटं!" अभय खो खो हसला. "थांब, वाक्यात उपयोग करून दाखवतो, डोक्यात फिट्ट बसेल. तुमचे ते बैल होते ना, खंड्या-हरण्या? आयटी पार्क आलं आणि खंड्या-हरण्या रिडंडंट झाले. मग काय केलं तुझ्या बापानं? दिले विकून! कळलं?"

टपरीवालाही हसला. भैरू नाही. बैल बाजारात नेले त्या दिवशी दावं भैरूच्याच हातात होतं. घरी येऊन तो जेवला नव्हता. अभयला हे ठाऊक होतं. पण उदाहरण इतकं फक्कड जमलं होतं की राहवलं नाही.

भैरूनं पुडा हळूच पाठीमागं नेला.

"सांग की आता, पेढे कशाचे?"

"कशाचे न्हाईत. चहा पी, गार व्हतोय."

"भैरू."

भैरू रस्त्याकडं बघत राहिला. कंपनीच्या बसगाड्या हॉर्न मारत एकामागोमाग वळत होत्या.

"साहेबानं तुजं नाव घेतलं. पुढं त्यो शब्द. मला वाटलं, काय तरी मोठी पोस्ट असंल. म्हनून आणले." तो थांबला. "वाक्य तू केलंस तसंच हुतं, गड्या. फकस्त बैलांच्या जागी तू."

टपरीवाल्यानं फडकं मारायचं थांबवलं. अभयनं चहाचा ग्लास खाली ठेवला. गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाची दोरी उगाच बोटानं सैल केली.

मग तो भैरूकडं वळला.

"भैरू, शप्पथ. खंड्या-हरण्याचं वाक्य परत कधी करणार नाही."