मारणं आणि लावणं

दिलावरने चारही चाकं उतरवून पाहिली. ब्रेकचे पॅड नवे होते, डिस्क गुळगुळीत होत्या. मग तो उमाकांतची गाडी गावातून चालवून आला. ब्रेक एकदाही वाजला नाही.

"माझ्या हातात तर गप असते, साहेब."

उमाकांतचा जळफळाट झाला. दर रविवारी हिला शॅम्पूने आंघोळ घालायची त्याने, आणि ही गप बसणार या केस उभे केलेल्या मेकॅनिकच्या हातात!

"तिलाच विचारा की. बोलणारी गाडी घेतलीत ना?"

उमाकांत बॉनेटपाशी वाकला. "काय गं, माझ्याच पायाखाली का किंचाळतेस?"

"तुम्ही ब्रेक मारता," गाडी म्हणाली. "दिलावरराव ब्रेक लावतात."

"राव? हा कधीपासून राव झाला? आणि मारणं ही नुसती बोलायची पद्धत असते गं!"

"मार खाणाऱ्याला पद्धत कळत नाही."

दिलावर पान्याने डोकं खाजवत दुसरीकडे बघू लागला. तो लाजला होता, हे उमाकांतला अजिबात आवडलं नाही.

घरी जाताना पहिल्या चौकात उमाकांतने श्वास रोखून, अगदी मायेने ब्रेक लावला. गाडी आवाज न करता थांबली.

"छान लावलात," ती म्हणाली. "अगदी दिलावररावांसारखा."

पुढच्या चौकात त्याने कचकचून ब्रेक मारला. गाडी अशी किंचाळली की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. उमाकांतला मात्र बरं वाटलं. निदान हे किंचाळणं तरी फक्त त्याच्यासाठी होतं.